दुखणं जांघेत, मूळ खुब्यात
‘बाहेरच्या बाजूला हाडावर दुखतंय म्हणजे खुब्याचा सांधा झिजला’ असा समज असतो, पण बहुतेकदा ते उलट असतं. सांध्याचं दुखणं जांघेत जाणवतं, कधी थेट गुडघ्यात; मग बिचाऱ्या गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहतात. बाहेरचं, त्या कुशीवर झोपलं की ठणकणारं दुखणं सहसा तिथल्या कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचं.

आणखी एक मात्र लक्षात ठेवा. वयस्कर माणूस साधंसं घसरला, एक्स-रे स्वच्छ आला, तरी पाय टेकवताना जांघेत कळ येतेय, तर चालायची सक्ती करू नका. खुब्यातली बारीक चीर एक्स-रेत सुटू शकते, एमआरआयमध्ये दिसते. हाड सरकण्याआधी कळलं तर बरेचदा स्क्रूवर भागतं. सरकल्यावर पुष्कळदा सांध्यातला हाडाचा गोळाच बदलावा लागतो.