फ्रान्समध्ये १७८९ ला क्रांती भुकेनं केली की रिकाम्या तिजोरीनं?

हिशेबनीस (चर्चाप्रस्ताव)
विषमता टोकाला गेली की क्रांती होते, असं आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अर्धवट वाटतं. फ्रान्समध्ये विषमता शतकानुशतकं होती. 'ताय' या मुख्य करातून बहुतेक उमराव आणि धर्मगुरू सुटलेले, बोजा शेतकऱ्यावर. मिठाच्या करानं तर कहर केला होता. काही प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी भावानं घ्यावंच लागे, घरात लागो वा न लागो. तरी राजेशाही टिकली.

मग बिघडलं काय? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडचा सूड उगवायला फ्रान्सनं पैसा ओतला, तोही बहुतांशी कर्ज काढून. १७८८ पर्यंत सरकारी खर्चातला जवळपास निम्मा वाटा कर्जापायी जात होता. अर्थमंत्री कालोन यांनी १७८७ मध्ये उमरावांसकट सगळ्यांच्या जमिनींवर कर सुचवला, तो बड्या लोकांच्या सभेनं हाणून पाडला. ऑगस्ट १७८८ मध्ये सरकारनं देणी थांबवली आणि १६१४ नंतर कधीच न भरलेली 'एस्टेट्स जनरल' ही धर्मगुरू, उमराव आणि सामान्य जनता यांच्या प्रतिनिधींची सभा राजाला बोलवावी लागली. राजा पैशासाठी अडला नसता तर त्या सभेत क्रांती उभीच राहिली नसती.

रानवारा
अजिबात पटलं नाही. कर्जाचे आकडे मंत्र्यांना दिसत होते, पॅरिसच्या बाईला पावाचा भाव दिसत होता. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीत उभी पिकं झोपली, त्यावर कडाक्याचा हिवाळा. पुढच्या जुलैत चार पौंड वजनाचा पाव साडेचौदा सूंना (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) झाला. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू, आणि चार माणसांच्या घराला रोज असे दोन पाव लागत. म्हणजे जवळजवळ सगळी मजुरी पावात. भाडं, सरपण कुठून आणायचं?

आणि लोकांनी आधी काय पेटवलं ते पाहा. बॅस्टिल हा पॅरिसमधला किल्ला-तुरुंग पडायच्या एक-दोन दिवस आधी पॅरिसभोवतीचे जकात नाके जळले, कारण शहरात येणाऱ्या मालावर तिथे पट्टी बसे. ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बाया भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या, त्याही पाव मागायला.

भीमाकाठ
रानवारा, भूक पुरेशी असती तर आपल्याकडे १८७५ लाच क्रांती व्हायला हवी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, त्यात सरकारनं सारा वाढवला, शेतकरी सावकाराच्या दावणीला बांधला गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रेंच शेतकऱ्यांनी गढ्यांत शिरून जमीनदारांच्या हक्कांची दप्तरं जाळली, तेच हे. तिथे ४ ऑगस्टच्या रात्री सभेला सरंजामी हक्क मोडीत काढावे लागले. इथे फौज आली, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना थोडा दिलासा देणारा कायदा झाला. इंग्रजांची तिजोरी आणि फौज दोन्ही शाबूत होती.

रानवारा
फौजेचं बोललात ते बरं झालं. बॅस्टिलवर लोकांच्या बाजूनं तोफा घेऊन आले ते फ्रेंच गार्ड पलटणीचे शिपाई. ते पॅरिसातच राहत, महाग पाव त्यांच्याही घरात येई. मग फौज फुटली ती भुकेमुळेच ना?

सागरतीर
दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटतेय. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानं ब्रिटनचं कर्ज फ्रान्सपेक्षा जास्त होतं, तरी त्यांना कमी व्याजानं पैसे मिळत. तिथे कर संसद मंजूर करी आणि जमीनदारालाही तो भरावा लागे, म्हणून सावकाराला भरवसा होता. म्हणजे फ्रान्सची तिजोरी रिकामी राहिली ती ज्यांच्याकडे पैसा होता ते कर देत नव्हते म्हणून. हिशेबनीस, तुम्ही विषमता दारातून बाहेर काढलीत, ती खिडकीतून परत आली.

रानवारा
हेच तर! १७८९ च्या वसंतात गावोगावच्या तक्रारवह्या राजानं मागवल्या. त्यांत मिठाचा कर आहे, जमीनदाराची कबुतरं पेरलेलं बी टिपतात आणि शेतकऱ्याला त्यांना मारायची मुभा नाही, हेही आहे. हा संताप राजानं विचारायची वाट पाहत बसलेला नव्हता. १७७५ मध्येही धान्य महागल्यावर पॅरिसभोवती दंगली पेटल्या होत्याच.

हिशेबनीस
सागरतीर, उमराव कर देत नव्हते हे मीच वर लिहिलंय. पण ती सूट शंभर वर्षांपूर्वीही होती आणि तेव्हा राज्य चाललं. रानवारा, १७७५ चा दाखला माझ्याच बाजूचा आहे. पाव महाग, लोक रस्त्यावर, वर बसलेलेही तेच उमराव आणि तोच राजा, सोळावा लुई. फौजेनं काही आठवड्यांत सगळं मोडून काढलं, कारण तेव्हा सरकारला उधार मिळत होतं आणि कुणाला सभेला बोलवायची गरज पडली नव्हती. चौदा वर्षांनी उधार मिळेना. या दोन सालांमधला फरक भुकेनं कसा समजावणार, ते सांगा.