उजनीच्या फुगवट्यावर चौघांचा एक दिवस: गळ, चारा, जागा याबद्दल विचारायचं आहे

शनिवारचा_गळ

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यावर, पहाटे पोचून संध्याकाळपर्यंत गळ टाकायचा बेत आहे. आम्ही चौघं. दोघांकडे रील असलेले सात-सात फुटी रॉड आहेत, बाकी दोघांनी गळ कधी हातात धरलेला नाही. रोहू लागला तर हवाच, पण चौघांनाही दिवसभर काहीतरी हाताला लागलं पाहिजे. नेमकं विचारायचं ते असं: तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि गळ कुठल्या मापाचे घ्यावेत? चारा किती आणि कसा करावा? काठावर जागा कशी निवडावी? होडी भाड्याने घ्यावी का? आणि मासा पुण्यापर्यंत खराब न होता कसा आणावा?

तंगूसवाला

आधी बेतच थोडा बदला. चौघांनी चार काठ्या रोहूसाठी लावल्या तर दुपारी बारापर्यंत चौघंही मोबाईल बघत बसतील. उजनीत चिलापी (तिलापिया) भरपूर आहे आणि ती काठाजवळ येते. दिवस चिलापीवर उभा करा. रोहू-मृगळसाठी एक, फार तर दोन रॉड बाजूला बेचक्यावर लावून ठेवा. नवख्या दोघांना रील देऊच नका. पहिला तासभर तंगुसाचा गुंता सोडवण्यातच जातो.

नवख्यांसाठी कळकाची दहा-बारा फुटी सरळ काठी, शेंड्याला बोटाएवढी बारीक. तंगूस काठीच्या लांबीएवढाच किंवा वीतभर कमी ठेवा. त्याहून लांब ठेवला की मासा हातात येत नाही, मागच्या बाभळीत जातो.

चिलापीची मांडणी: ०.२० ते ०.२५ मिमी तंगूस, ८ किंवा १० नंबरचा गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात इथेच घोळ होतो), गळापासून चार बोटं वर शिशाचा एक छर्रा, आणि वर फ्लोट (चावा दाखवणारा तरंगता तुकडा). विकतचा फ्लोट नसेल तर ज्वारीच्या ताटाचं दोन इंच भेंड पुरतं, मात्र ते दोन-तीन तासांत पाणी पिऊन जड होतं, म्हणून चार-पाच तुकडे जवळ ठेवा. फ्लोटचा जेमतेम अर्धा इंच पाण्यावर दिसला पाहिजे. जास्त वर राहिला तर शिसं वाढवा. तरंगता भाग मोठा असला की चिलापीला ओढ जाणवते आणि ती आमिष थुंकते.

खोली दोन ते चार फूट, आमिष तळापासून वीतभर वर. खोली मोजायला गळाला बोराएवढा ओल्या मातीचा गोळा लावून सोडा. फ्लोट बुडाला तर तो वर सरकवा, आडवा पडला तर खाली.

आमिष गांडूळ. शेणखताच्या उकिरड्याखाली किंवा मोरीचं पाणी जिरतं तिथे मिळतात. चौघांना दीड-दोनशे लागतील. भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर मातीत, सावलीत ठेवा. उन्हात डबा राहिला तर दहा वाजेपर्यंत सगळी मेलेली असतात, आणि मेलेल्या गांडुळाला चिलापी फारशी विचारत नाही. अख्खं गांडूळ लावू नका. पाऊण इंचाचा तुकडा, गळाचं टोक जेमतेम झाकेल एवढा. शेपूट लोंबती ठेवली की ती शेपूटच खाऊन जाते.

चावा असा ओळखा: फ्लोट दोनदा टुचटुच हलतो, मग तिरका सरकत बुडतो. सरकायला लागला की मनगटाने हिसका द्या. सगळा हात उचलून दिलेल्या हिसक्याने छोटा गळ तोंड फाडून बाहेर येतो.

आता रोहूचा रॉड. ०.३५ मिमी तंगूस, त्यात ओवलेलं १५ ते २० ग्रॅमचं सरकतं शिसं, मग एक मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी). स्विव्हलच्या पुढे ३०-४० सेंमीचा ०.३० चा तुकडा आणि ४ नंबरचा गळ. मणी विसरू नका. तो नसला तर शिसं गाठीवर आपटून गाठ कुरतडतं. पुढचा तुकडा मुद्दाम बारीक ठेवायचा, म्हणजे गळ अडकला तर तेवढाच तुटतो आणि शिसं-स्विव्हल वाचतं.

गाठ: तंगूस गळाच्या डोळ्यातून काढा, स्वतःभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग झालेल्या मोठ्या फटीतून परत काढा, थुंकी लावून ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस जळतो. वरून दिसत नाही, पण मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. टोक तीन मिमी सोडून कापा.

ड्रॅग (किती ओढीवर रीलने तंगूस सोडायचा ते ठरवणारी चकती) लावायला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली गळाच्या जागी बांधा आणि रॉड उचला. बाटली उचलताना रीलमधून तंगूस हळूच सुटायला लागला पाहिजे. पूर्ण आवळलेला ड्रॅग आणि बेचक्यावर ठेवलेला रॉड म्हणजे रॉड पाण्यात. शेंड्याला घुंगरू लावा, पण लक्ष घुंगरावर सोडून चिलापीत पूर्ण गुंतू नका.

चारा: शेंगदाणा पेंड २ किलो आणि गव्हाचा किंवा भाताचा कोंडा २ किलो. पेंड रात्री भिजत घाला, सकाळी कोंडा आणि काठावरची चिकट माती मिसळून लिंबाएवढे गोळे करा. दोन चमचे भाजलेल्या मेथीची पूड घाला. सुरुवातीला दहा गोळे पाण्यात एकाच ठिकाणी, मग दर अर्ध्या तासाने दोन. गोळे चहूकडे विखरू नका, मासेही विखुरतात.

गळावरची कणीक: पाव किलो कणीक, शंभर ग्रॅम भाजलेल्या पेंडीची पूड, एक चमचा बडीशेप पूड. चपातीपेक्षा बरीच घट्ट मळा. साध्या कणकेची तक्रार एकच, दहा मिनिटांत विरघळते आणि माणूस रिकाम्या गळासमोर तासभर बसतो. मळताना कापसाचे थोडे तंतू पिंजून घाला, अर्धा तास टिकते. तरी दर वीस मिनिटांनी काढून बघाच.

भीमाकाठ

वरचं बहुतेक पटलं, चाऱ्याचं प्रमाण सोडून. चार किलो चारा मार्च-एप्रिलला ठीक. नोव्हेंबरात पहाटेचं पाणी गार असतं, रोहू-मृगळ कमी खातात, आणि पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही. शिवाय एवढ्या चाऱ्यावर चिलापीचीच जत्रा भरते आणि रोहूच्या गळावरची कणीक तीच टोचून संपवते. निम्मा करा: एक किलो पेंड, एक किलो कोंडा. पहिले पाच गोळे, नंतर तासाला एक-दोन. चिलापी फार त्रास देत असेल तर कणकेचा गोळा मोठा, बोराएवढा करा आणि दहा मिनिटं वाफवून घ्या. तिच्या लहान तोंडात तो मावत नाही.

कुठला मासा कुठे खातो हेही ध्यानात ठेवा. मृगळचं तोंड खाली वळलेलं, तो तळाचा मासा. रोहू मधल्या थरात चरतो, पण तळाच्या चाऱ्यावर येतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. म्हणून तळाला शिसं टाकून कटल्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

वेळ: उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत चिलापी सुस्त असते. ऊन लागून उथळ पाणी तापलं की दहा ते एक तिचा जोर. रोहूसाठी चारनंतर अंधार पडेपर्यंत. पहाटे पाचला पोचण्याची घाई नको. सातला पोचा, चारा टाका, चहा घ्या, मग काठ्या मांडा.

जागा: तलाव भरलेला असताना पाणी वेड्या बाभळींत आणि जुन्या बांधांवर चढतं. मासा तिथेच असतो आणि गळही तिथेच अडकतो. त्यामुळे बाभळीत टाकू नका, बाभळीच्या रांगेच्या कडेला चार-पाच फूट मोकळं पाणी सोडून टाका. रोहूसाठी सहा ते दहा फूट खोली शोधा. बुडालेल्या ओढ्याची जुनी वाट सापडली तर उत्तम. काठावर ओढा जिथे पाण्यात शिरतो त्याच रेषेत पुढे ती असते. वारा सुटल्यावर तो ज्या काठावर येऊन आदळतो तिथे खाणं गोळा होतं. बसायला गैरसोयीचा, पण मासा त्या काठाला. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहू नका, सावली तीन फूट पाण्यावर पडली की चिलापी गेलीच.

थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या तर ती मच्छीमारांची जाळी. त्यांच्या शंभर फुटांत गळ टाकू नका. जाळ्यात अडकलेला गळ ओढला तर जाळं फाटतं, आणि ते कुणाच्या तरी पोटाचं असतं. त्याच कारणाने आधी गावात विचारा. जलाशयांतली मासेमारी मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर किंवा परवान्यावर चालते. हौशी गळवाल्याला बहुधा हरकत नसते, पण विचारून बसलेला आणि न विचारता बसलेला यांत फरक आहे. विचारलंत तर चांगली जागाही कळते.

आता होडीचं. नको. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. नोव्हेंबरात वळीव नसतो हे खरं, पण फुगवट्याचं पाणी रुंद आहे, वाऱ्याची लाट लवकर उठते. चौघं आणि चार काठ्या असलेल्या छोट्या होडीत एकजण मासा ओढायला उभा राहिला की तोल जातोच. काठावरून मिळणाऱ्या माशासाठी होडी लागत नाही.

गाळ मात्र काठावरच असतो. पाणी उतरलं की काळ्या मातीचा वरचा पापुद्रा वाळतो, खाली लगदा तसाच. पाय टाकण्याआधी काठीने टोचून बघा. उजनीची टक्केवारी बातम्यांत येते ती बघून निघा. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला सुमारे ६३ मृतसाठा, आणि टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची, म्हणून उन्हाळ्यात टक्केवारी वजा दिसते. वजा असेल तर पाणी फार आत गेलेलं असतं आणि मधला सगळा पट्टा गाळाचा.

शनिवारचा_गळ

आभार. होडी रद्द, चारा निम्मा. दोन गोष्टी राहिल्या: बाभळीत गळ अडकलाच तर काय करायचं, आणि वेगळाच एखादा मासा लागला तर?

तंगूसवाला

चाऱ्याचं मान्य, नोव्हेंबरला निम्माच बरोबर.

अडकला तर रॉड वाकवून ओढू नका, शेंडा मोडतो. रॉड तंगुसाच्या सरळ रेषेत धरा, तंगूस हाताला न गुंडाळता फडक्यात धरून मागे चालत जा. पुढचा बारीक तुकडा तुटेल. तोंड दुसरीकडे करा, सुटलेलं शिसं गोळीसारखं येतं. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, खिशात घाला. त्या भागात पक्षी फार, पायात गुंतला की पाय जातो.

बोटात गळ घुसला आणि उलटा काटा आत असेल तर ओढू नका, दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. नवख्यांच्या गळाचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून टाका. दहांतल्या दोन चिलाप्या सुटतील, सुटू द्या.

उजनीत मांगूर आणि सकर दोन्ही सापडतात. मांगुराच्या कल्ल्यांजवळच्या पराला टणक काटा असतो, फडक्याशिवाय धरू नका. चिलापीच्या पाठीवरचे काटेही टोचतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर दाबून धरायचं. सकरच्या अंगावर चिलखतासारखी खवलं असतात. तो इथला नाही आणि परत सोडायचा नाही. थाई मांगूरही तसाच, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. उलट अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला ओल्या हाताने गळ काढून परत सोडा.

मोठा मासा काठाशी आला की जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा जाळीवर आणा. माशावर जाळी मारली की तो शेवटची उसळी घेतो, आणि बहुतेक रोहू तेव्हाच सुटतात.

पाटावरची_सुरी

मासा आणण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार किलो मासा धरलात तर चार किलो बर्फ, फोडलेला. निघताना भिगवणच्या मासळी बाजाराजवळ मिळतो का बघा, नाहीतर घरून न्या. थर्माकोलच्या पेटीला खाली पेन्सिलीएवढं भोक पाडा. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहिला तर मऊ पडतो.

दिवसभर मासा जिवंत ठेवायचा तर जाळीच्या पिशवीत, सावलीतल्या खोल पाण्यात. उथळ तापलेल्या पाण्यात दुपारी दोनपर्यंत मरतो आणि तसाच पडून राहतो. मेलेला दिसला की लगेच कल्ले आणि आतडी काढून बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गाडीत ठेवू नका.

उजनीच्या चिलापीला कधीकधी मातकट वास येतो. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ त्या वासाचं द्रव्य सोडतं आणि ते माशाच्या चरबीत बसतं, नुसतं धुऊन जात नाही. आंबटाने कमी होतं. खवलं शेपटीकडून डोक्याकडे खरवडा, पोटाच्या आतली काळी पातळ साल बोटाने पूर्ण घासून काढा, मग तुकडे आंबट ताकात मीठ घालून वीस मिनिटं ठेवा, धुवा, निथळा. त्यानंतरच हळद, तिखट, आलं-लसूण आणि आमसुलाचं आगळ. मसाल्यात थेट घातलं तर वास मसाल्याखाली लपतो, जात नाही.

काठावरच तळायची असेल तर अर्ध्या-पाऊण वीत लांबीचीच चिलापी घ्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा, तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मा-निम्मा. तव्याखाली तीन विटा आणि वाऱ्याच्या बाजूला चौथी आडवी. ही चौथी वीट सगळे विसरतात आणि मग अर्धा तास जाळ फुंकत बसतात.