मदत हवी आहे: लिक्योर घातलेलं स्ट्रॉबेरी कस्टर्ड आइसक्रीम गोठतच नाही

दोनदा फसलंय. तिसऱ्यांदा क्रीम वाया घालवण्याआधी इथे विचारते.

कस्टर्ड अंड्याचं आहे, पावडरचं नाही (आधीच सांगितलेलं बरं). प्रमाण: क्रीम ५०० मिली, दूध २५० मिली, पाच पिवळे बलक, साखर १५० ग्रॅम, स्ट्रॉबेरीचा कच्चा गर ४०० ग्रॅम आणि संत्र्याचं लिक्योर १२० मिली. बाटलीवर ४० टक्के अल्कोहोल लिहिलंय.

कस्टर्ड मला जमतं. थर्मामीटर ८२ अंशांवर आला की गॅस बंद. डावाच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहते. मग लगेच गाळून भांडं बर्फाच्या पाण्यात. पहिल्या वेळी गर गरम कस्टर्डमध्येच ओतला आणि सगळं फाटलं. दुसऱ्या वेळी दोन्ही गार करून मिसळलं, तर मशीनमध्ये ४० मिनिटं फिरवूनही ओतता येईल इतकं पातळ! मशीनचं भांडं आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्येच होतं. शेवटी डबा रात्रभर फ्रीझरला ठेवला. सकाळी चमचा घातला तर वर कचकचणारे खडे आणि तळाशी न गोठलेला गुलाबी पाक. एकाच डब्यात दोन्ही कसं काय? लिक्योर कमी केलं तर वास उरत नाही, आणि सगळा खटाटोप त्या वासासाठीच आहे. आधी उकळून घेतलं तर?

—

१२० मिली म्हणजे जवळजवळ ४८ मिली शुद्ध अल्कोहोल, तेही जवळजवळ दीड लिटर मिश्रणात. अल्कोहोल उणे ११४ अंशांना गोठतं, घरचा फ्रीझर जेमतेम उणे १८. शिवाय लिक्योरमध्ये साखरही असते आणि तीही गोठू देत नाही. मिश्रण मशीनमध्ये धरलं नाही, म्हणजे डब्यात गेलेलं ते पातळच होतं. तिथे हलवायला कोणी नाही, गारठायला वेळ लागतो, म्हणून पाण्याचे मोठमोठे खडे झाले. उरलेली साखर आणि दारू पाक होऊन तळाला बसली. एवढ्या मिश्रणाला तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पुरे. तेही मशीन बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला. साखरेला हात लावू नका.

—

वरच्यांशी सहमत, पण निम्मा दोष कच्च्या गराचा आहे. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गर मंद आचेवर आटवून २५० ग्रॅमवर आणा, पूर्ण गार करा, मग मिसळा. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवून मगच मशीनला लावा. लिक्योर उकळू मात्र नका: अल्कोहोल पूर्ण जात नाही, वास मात्र आधी उडतो. वासासाठी संत्र्याची साल दुधात घालून दूध तापवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग गाळा. फक्त केशरी भाग घ्या, पांढरा कडू लागतो.

—

मध्येच विचारतो, स्ट्रॉबेरीऐवजी अननस चालेल का?

—

शिजवून चालेल. कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते. कच्च्या किवीचंही तेच.

—

धागाकर्ती परत आले. गर आटवला, साल दुधात घातली, लिक्योर ४५ मिलीच. या वेळी २५ मिनिटांत मिश्रण पात्याला धरायला लागलं! वास मागच्यापेक्षा जास्त आहे, हे मला अजून पटत नाहीये. खडे नाहीत. फक्त हौसेने शेवटी स्ट्रॉबेरीच्या फोडी घातल्या, त्या दगड झाल्यात. दात सांभाळून खातोय. त्यांचं काय करू?

—

फोडी बारीक चिरून थोडी साखर आणि एक चमचा लिक्योर लावून दोन तास ठेवा, निथळून मग घाला. तो चमचा ४५ मिलीतूनच काढायचा हं.