टाकीत काही टाकण्याआधी (बी विंगचा ग्रुप)

शुक्रवार

सेक्रेटरी (५०४): नमस्कार मंडळी. कालच्या गुरुवारच्या पाणीबंदनंतर आज पाणी चांगलंच गढूळ आलंय. पंप बंद ठेवलाय. वरच्या टाकीत निम्मं पाणी आहे, जपून वापरा. रविवारी सकाळी दोन्ही टाक्या धुऊन घ्यायच्या आहेत. तोपर्यंतची सोय म्हणून आज संध्याकाळी खालच्या टाकीत तुरटी फिरवून वर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचा विचार आहे. कोणाची हरकत असेल तर सांगा.

२०३: हरकत कसली, टाका लवकर. जानेवारी २०२५ विसरलात का? जीबीएसचे, त्या नसांच्या आजाराचे, पेशंट आपल्याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात निघाले होते. नांदेड, किरकटवाडी, धायरी. तेव्हापासून मी पाण्याच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. पावडर थोडी जास्तच पडू दे.

१०२: टाकीचं होईल हो. मागच्या डक्टमधल्या लाईनचं काय? किती दिवस झाले वास येतोय, चेंबरमध्ये फेसही दिसतो. स्पष्टच विचारते, वाईट वाटून घेऊ नका. सहाव्या मजल्यावरचं डायलिसिसचं पाणी ह्याच लाईनला येतं ना? त्यात रक्त असतं का? खाली आमची नात रांगते.

६०२: सेक्रेटरी काका, फोन लागत नाहीये म्हणून इथेच लिहिते. कृपा करून आज तुरटी टाकू नका. १०२ च्या काकू, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, त्याचंही उत्तर देते. पण आधी टाकीचं, कारण ते संध्याकाळच्या आत ठरायला हवं.

आपण दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पितो. त्यातलं नको ते आतडी अडवतात, उरलेलं किडनी बाहेर टाकते. ह्यांची किडनी बंद पडलीय, म्हणून घरीच मशीनवर रक्त शुद्ध करतो, तेच डायलिसिस. त्याला मशीन मिनिटाला ५०० मिली पाणी वापरतं. चार तासांचे १२० लिटर, आणि आठवड्यातून तीनदा म्हणजे ३६० लिटर. ते पाणी आणि ह्यांचं रक्त यांच्यामध्ये असतो फक्त डायलायझरचा पातळ पडदा. पाण्यात जे बारीक विरघळलेलं असेल ते त्या पडद्यातून थेट रक्तात जाऊ शकतं. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगातून ते बाहेर पडत नाही, हाडांत आणि मेंदूत साचत जातं. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, डायलिसिसच्या पाण्याला ०.०१. आमचा आरओ बरंचसं अडवतो, पण टाकीत अंदाजाने तुरटी फिरवली तर किती उतरली हे ना तुम्हाला कळणार ना मला.

४०१: ताई, माहीत नाही म्हणून विचारतो. आमच्या किचनमधल्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ४० येतो, अगदी गोड पाणी. घरच्या डायलिसिसला तसलाच आरओ का पुरत नाही?

६०२: दादा, हा प्रश्न मला लिफ्टमध्ये पण खूप जण विचारतात. किचनचा आरओ तासाला दहा-पंधरा लिटर पाणी काढतो. मशीनला तासाला ३० लागतं, तेही सलग. दुसरं म्हणजे किचनच्या आरओत शुद्ध पाणी टाकीत साठून राहतं. क्लोरीन निघून गेलेलं पाणी साठलं की त्यात जंतू वाढतात. पिणाऱ्याचं पोट ते सांभाळून घेतं. डायलिसिसमध्ये मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा थंडी वाजून ताप आणतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात आणि त्याची तपासणी लॅबमध्येच होते. आणि टीडीएसचा मीटर क्लोरीन दाखवत नाही, जंतू दाखवत नाही. ४० आकडा बघून मला काहीच कळत नाही.

आमच्याकडे आधी गाळाचा फिल्टर, मग सॉफ्टनर, मग एकापाठोपाठ एक दोन कार्बनच्या टाक्या, मग आरओ, आणि तिथून साठवण न करता थेट मशीन. आज गढूळ पाण्याने गाळाचा फिल्टर एका सकाळीत तपकिरी झाला. म्हणून शुक्रवारी आम्ही डायलिसिस ठेवतच नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. गुरुवारी सकाळी लवकर, वरच्या टाकीतल्या बुधवारच्या पाण्यावर.

३०१: मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून चार शब्द. ६०२ ची मुलगी टीसीएल टाकू नका म्हणत नाहीये, हे आधी नीट समजून घ्या. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. तेवढं नसेल तर २०३ म्हणतात ते खरं, कॉलरापासून सगळं घरात शिरेल. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन ०.१ च्या खाली हवं. म्हणजे आपल्याला जे असायलाच हवं, ते त्यांना असताच कामा नये. या दोन आकड्यांच्या मध्ये त्यांच्या कार्बनच्या टाक्या उभ्या आहेत.

आता 'थोडं जास्तच पडू दे' म्हणजे काय होतं ते बघा. कार्बन ठरावीक क्लोरीन पोटात घेतो, मग थकतो. त्यात आपलं पाणी गढूळ, कुठे सांडपाण्याचा अंश असेल तर अमोनिया. क्लोरीन आणि अमोनिया मिळून क्लोरॅमिन होतं. ते कार्बनला जास्त वेळ मागतं आणि आरओच्या मेंब्रेनमधून निसटतं. रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पावडर टाकायची ती मोजून, आणि टाकल्यावर ओटी, म्हणजे क्लोरीनची रंगचाचणी, करून. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा नाही.

२०३: काका, पटलं. माझा मुद्दा मागे घेतो असं नाही, पण मोजून टाका.

३०१: मोजूनच. आणि आज संध्याकाळी काही नकोच. पंप बंद ठेवा, गाळ रात्रभर तळाला बसू दे. उद्या पंपाचा सक्शन तळापासून वर उचलून घेऊ.

सेक्रेटरी (५०४): ठीक. तुरटी रद्द. ६०२, एक विचारतो. मागच्या वेळी टाकी धुतली तेव्हा तुम्हाला काही त्रास झाला होता का? तेव्हा काही बोलला नव्हतात.

६०२: झाला होता काका. मशीन लावण्याआधी आरओ पंधरा मिनिटं चालवायचा, मग दोन कार्बनच्या मधल्या कॉकमधून कपात पाणी घ्यायचं आणि क्लोरीन तपासायची पट्टी बुडवायची, हा आमचा रोजचा नेम. पांढरी राहिली तर ठीक. रंग मी एकटी बघत नाही, मुलाला हाक मारते. खिडकीपाशी नेऊन दोघांनी बघायचं, दोघांचं एक झालं तरच सुई. त्या संध्याकाळी पट्टी रंगली. दुसऱ्या कार्बननंतरची पांढरी होती, पण पहिला गेला म्हणजे मागे आधार उरला नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांना सेंटरला नेलं. तोवर अंगात पाणी साठून ह्यांना आडवं होता येत नव्हतं, रात्र खुर्चीत काढली.

म्हणून मागणं एवढंच. टाकी धुवा, पावडर टाका, टँकर मागवा, पण दोन दिवस आधी मला कळवा. मी वार बदलून घेईन.

१०२: बाई गं, हे माहीत नव्हतं. बरं, ते लाईनचं?

६०२: हो काकू. आमच्याकडून दोन वेगळी पाणी बाहेर पडतात, तिथेच गोंधळ होतो. पहिलं आरओचं रिजेक्ट, म्हणजे त्याने बाहेर टाकलेलं पाणी. ते रक्ताच्या जवळपासही जात नाही, नळाचंच पाणी, फक्त क्षार जास्त. ते आम्ही ड्रममध्ये धरतो. दुसरं मशीनमधून वापरून बाहेर पडणारं. त्यात रक्त नसतं. पडदा फाटलाच तर मशीनमधला सेन्सर रक्त ओळखून मशीन थांबवतो. त्या पाण्यात युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, म्हणजे तुमच्याआमच्या लघवीतून जातं तेच, शिवाय थोडी साखर आणि सोडा. ते संडासाच्या लाईनला जातं, पावसाच्या पाण्याच्या लाईनला नाही. वास मात्र येऊ शकतो, हे खरं. साखर आणि कोमट पाणी मिळालं की पाईपला आतून बुळबुळीत थर धरतो. म्हणून आठवड्याला मी बाथरूममधला तो उभा पाईप साफ करते. उद्या प्लंबर बोलवा, मी खाली येते. लाईन आमच्यामुळे खराब असेल तर खर्च आमचा.

२०३: ताई, ते ड्रममधलं पाणी बागेला देता का? उन्हाळ्यात माळी ओरडतो.

६०२: झाडांना नको दादा, सॉफ्टनरमुळे त्यात सोडियम जास्त असतं, माती घट्ट होते. जिने आणि पार्किंग धुवायला मात्र हवं तेवढं न्या. एका डायलिसिसला दीड ड्रमच्या आसपास निघतं.

शनिवार

सेक्रेटरी (५०४): प्लंबर येऊन गेला. डक्टमध्ये दुसऱ्या मजल्याच्या वरचा क्लॅम्प गंजून तुटलाय, आडव्या पाईपला पोट पडलंय. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी त्या पोटात साचून राहतं. आतून काढलं ते ओले वाइप्स, केस आणि स्वयंपाकघराचं तूपकट. फेस वॉशिंग मशीनचा होता, कोणीतरी तिचा पाईप याच लाईनला जोडलाय. क्लॅम्प बदलला, उतार दिला. खर्च सोसायटीचा.

१०२: मी स्वतः उभी होते. ६०२ पण होती. वर जाऊन तिची लाईन पण पाहिली. छान ठेवलीय.

६०२: काकूंना दाखवलं तेच इथे सांगते, कारण घरी मशीन लावायचा विचार अजून कोणी करेल. मशीनचा ड्रेनचा पाईप दोन इंची उभ्या पाईपच्या तोंडात खुपसून बसवायचा नाही. वर चार बोटं मोकळी हवा ठेवून टांगायचा. चेंबर तुंबून पाणी वर चढलं तरी ते मशीनच्या पाईपला शिवू नये म्हणून. कडेने टेप गुंडाळायचा मोह होतो, शिंतोडे उडू नयेत म्हणून. टेप लावली की ती हवेची फट गेली. त्यापेक्षा मोठं नरसाळं बसवा.

आणि एक फार महत्त्वाचं. मशीन निर्जंतुक करताना कधी ब्लीच असतं, कधी सायट्रिक अ‍ॅसिड. दोन्हींच्या मध्ये भरपूर पाणी सोडावं लागतं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीनचा वायू होतो. हाऊसकीपिंगच्या मावशी ट्रॅपमध्ये अ‍ॅसिड ओततात, तीच लाईन आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार या डक्टच्या बाजूला अ‍ॅसिड नको. खरं तर कधीच नको, पण निदान या तीन दिवशी.

४०१: सुया आणि नळ्यांचं काय करता? कचरावेचक मुलं हात घालतात हो.

६०२: सोसायटीच्या कचऱ्यात एकही जात नाही. सुया पांढऱ्या टणक डब्यात, नळ्या आणि डायलायझर लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. टेक्निशियन घेऊन जातो.

३०१: सेक्रेटरीसाहेब, रविवारच्या कंत्राटदाराला एक विचारा, बाटलीत काय आणणार? काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्यानेही रक्तपेशी फुटतात, आणि त्याची पट्टी वेगळी लागते. ६०२ च्या पट्टीवर विसंबून चालणार नाही. टीसीएलच सांगा. धुतल्यावर पहिलं पाणी पूर्ण सोडून द्या, मग भरा.

आणि मे महिन्यात खालच्या टाकीला आतून सिमेंटचा गिलावा द्यायचं अजेंड्यावर आहे. १९९६ साली कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर नवीन जलवाहिनी टाकली, आतून सिमेंटचं अस्तर. त्यातून अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरलं आणि तिथल्या डायलिसिस सेंटरमधले १० पेशंट दगावले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये कारुआरूला टँकरचं पाणी नीट न शुद्ध करता डायलिसिसला वापरलं गेलं. त्यात शेवाळाचं विष होतं. ५० हून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली.  त्यामुळे गिलाव्याचं काम निघालं की ६०२ ला निराळी लाईन किंवा सेंटरची सोय, यावर आधी बोलू.

५०१: काका, मग इतका धोका असेल तर सेंटरलाच का जाऊ नये? राग मानू नका ताई, काळजीने विचारते.

६०२: राग नाही. सेंटरलाही हेच पाणी, हेच कार्बन, हीच पट्टी. फक्त ती तिथलं कोणीतरी बघतं. घरी बघणारी मी. ह्यांची नोकरी टिकली ती यामुळे. सेंटरच्या सकाळच्या पाळीत जागा मिळत नव्हती, दुपारची घेतली तर रजा संपत होती. जगात घरचं डायलिसिस १९६४ पासून चालू आहे. जिथे चाललं तिथे घरच्यांनी पाण्याची वही ठेवली म्हणून चाललं. आमचीही वही आहे, तारीख, पट्टी, टीडीएस, दाब. कोणाला बघायची असेल तर केव्हाही या.

सेक्रेटरी (५०४): ठरलं ते लिहितो, नोटीस बोर्डावरही लागेल. टाकी धुणं, टीसीएल, टँकर, मेन वॉल्व्ह बंद करणं, यातलं काहीही करण्याआधी ४८ तास ६०२ ला आणि ग्रुपवर कळवायचं. टँकर अचानक मागवावा लागला तर वॉचमनने आधी ६०२ ची बेल वाजवायची, मग पाईप टाकीत सोडायचा. तुरटी कायमची बंद. वॉशिंग मशीन कोणाचं आहे त्यांनी मला खासगीत मेसेज करावा. उद्या ७ ला काम सुरू. ६०२, तुमचं पुढचं मंगळवारी ना?

६०२: हो काका, मंगळवारी सकाळी. पण मी सोमवारीच आरओ चालवून पट्टी लावून बघते, म्हणजे गडबड असेल तर सेंटरला फोन करायला एक दिवस हातात राहील. ३०१ च्या काकांनी त्याआधी खालच्या टाकीचं ओटी केलं तर बरं.

३०१: सोमवारी साडेसातला करतो. आकडा इथेच टाकतो.