मदत हवी आहे: वेग बदललेल्या कॅसेटमधील गाणी ऑडिओ फिंगरप्रिंटवरून कशी ओळखावीत?

नमस्कार,

वेष्टने हरवलेल्या अनेक कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या असून त्यांतील प्रत्येक गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण नेमके कोणते, हे मला शोधायचे आहे. त्यासाठी पिकार्ड हा गाण्यांच्या फाइलना माहिती जोडणारा प्रोग्राम वापरतो. तो क्रोमाप्रिंट या साधनाने फाइलचे फिंगरप्रिंट (आवाजावरून काढलेली ओळखखूण) काढतो, ते अकॉस्टआयडी या फिंगरप्रिंटच्या डेटाबेसमध्ये शोधतो आणि जुळल्यास म्युझिकब्रेन्झ या संगीतविषयक माहितीच्या खुल्या संग्रहातील नोंद आणून देतो. सीडीवरून घेतलेल्या फाइल अशा रीतीने चटकन ओळखल्या जातात. कॅसेटवरच्या मात्र फारच थोड्या.

अडचण टेपच्या वेगात असावी, असे मला वाटते. क्रोमाप्रिंट आवाजातील ऊर्जा सप्तकाच्या १२ स्वरांच्या घरांत विभागते आणि ती काळानुसार कशी बदलते ते नोंदवते. त्यामुळे एमपी३चा बिटरेट कमी केला तरी फिंगरप्रिंट फारसे बदलत नाही. पण टेप ३ टक्के जलद चालली, तर सगळे सूर दोन लागोपाठच्या स्वरांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढतात आणि एका घरातील ऊर्जा शेजारच्या घरात सांडते. शिवाय २०० सेकंदांचे गाणे सुमारे १९४ सेकंदांतच संपते, आणि शोध घेताना फाइलचा कालावधीही पाठवावा लागतो. एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये मांडलेली शझाम या गाणी ओळखणाऱ्या अॅपची पद्धत स्पेक्ट्रोग्राममधील (कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, हे दाखवणाऱ्या चित्रातील) ठळक शिखरांच्या जोड्या लावते. तिला गोंगाट चालतो, काही सेकंदांचा तुकडाही पुरतो. परंतु वेग बदलला की शिखरांच्या वारंवारता आणि त्यांमधील वेळेचे अंतर दोन्ही सरकतात, म्हणजे तिथेही हीच अडचण येणार.

तेव्हा आधी वेग दुरुस्त करावा हे उघड आहे, पण तो कशाच्या आधारे? एका फाइलच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये मला ५० हर्ट्झवर विजेच्या गुणगुणीची ठळक रेघ दिसते आणि तिच्या शेजारीच ५१.५ हर्ट्झवर एक बारीक रेघ. पहिली माझ्या कॅसेट प्लेअरची आणि दुसरी टेपवरच मुद्रित झालेली असेल, तर टेप ३ टक्के जलद चालते आहे, असा हिशोब निघतो. मात्र दुसरी रेघ ज्या यंत्रावर कॉपी केली त्या यंत्राची असेल, तर त्याआधीचा वेगातील दोष तसाच राहील. हा अंदाज कितपत भरवशाचा मानावा?

दुसरा मार्ग म्हणजे वेग अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने बदलून प्रत्येक प्रतीचे फिंगरप्रिंट शोधून पाहणे. मात्र स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या डेटाबेसवर असा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. योरेन सिक्स यांचे पनाको हे फिंगरप्रिंट जुळवणारे सॉफ्टवेअर वेग आणि सूर बदललेले असतानाही जुळणी करू शकते, परंतु तुलनेसाठी मूळ ध्वनिमुद्रणांचा संग्रह आपल्यालाच पुरवावा लागतो, आणि माझ्याकडे नेमका तोच नाही.

कोणी असे काम केले असल्यास वेग कसा ठरवला, आणि दुरुस्तीनंतर किती टक्क्यांपर्यंतचा फरक उरला तरी जुळणी झाली, हे कृपया सविस्तर सांगावे.