शाळेच्या २५ हजारांत ऊसतोडीच्या पोरांसाठी काय करता येईल?

प्रश्न: समिती अध्यक्ष, बीड जिल्हा

आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. माझा मुलगा तिथं दुसरीत आहे. शाळेचा पट ५८. पट ३१ ते १०० च्या आत, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजार संयुक्त शाळा अनुदान. त्यातले दहा टक्के तरी स्वच्छतेवर घालावेच लागतात. बाकी लाइटबिल, खडू, रजिस्टरं, दुरुस्ती. मागच्या खेपेला उरलेल्या पैशातून भिंतीवर पाढे आणि नकाशे काढून घेतले. देखणे झालेत. पण रंग चालला होता तेव्हा २१ पोरं शाळेतच नव्हती, ऊस तोडायला गेलेल्या आईबापाबरोबर साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत होती.

दिवाळी सरली की मुकादमाचा, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्याचा, ट्रक वस्तीवर येतो. चौथीतली एक पोर दप्तरासकट चढली. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, एका हातानं फळी धरलेली, म्हणून दप्तराचा पट्टा तिनं दातात धरला होता. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली तर वजाबाकीत हातचा घेताना अडत होती. आधी भागाकार करायची ती. मी स्वतः लहानपणी उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा केलेत, मला हे बघवत नाही.

यंदा पैसा या पोरांकडं वळवायचाय. कुणी केलंय का?

उत्तर: शिक्षक, पाटोदा तालुका

ताई, शाळा अनुदानातून पोरांना जेवू घालता येत नाही. पोरं मागं राहायला हवीत तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव घाला. तो निधी वेगळा. पोरं रात्री आजी-आजोबांकडं झोपतात, दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, सकाळ-संध्याकाळचं जेवण समिती बघते.

जाणाऱ्या पोरांची यादी मात्र आत्ताच करा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले जातात, तेव्हाच घरात पोरांचं ठरतं. दसऱ्यानंतर दारोदार फिरून काही होत नाही. आमची मंजुरी एकदा डिसेंबरात आली, तोवर निम्मी पोरं गेली होती. ती रिकामी बाकं अजून आठवतात.

उत्तर: समिती सदस्य, आष्टी तालुका

सरांचं बरोबर आहे. पण मुलींचा विचार वेगळा करा. घरात आजी नसली तर आई वयात येणारी पोर मागं ठेवत नाही, आणि तिचं चुकतही नाही. आम्ही स्वयंपाकाला वस्तीवरच्याच दोघी घेतल्या. जेवणं झाली की त्या दोघीच पोरींना घरापर्यंत सोडतात. हे कळल्यावर आया तयार झाल्या.

जी जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की वर्गात बसवतात. कार्ड आईकडं द्या, पोरांकडून हरवतं.

प्रश्नकर्ती

सर, ताई, लई आधार वाटला. रविवारी बैठक लावलीय, यादी तिथंच करते. यंदा रंगाला पैसा नाही. परत येणाऱ्यांसाठी गणिताचं साहित्य घेऊ.

काल त्या पोरीच्या आजीकडं जाऊन आले. म्हणाली, "हिला ठेवते की. पण धाकटा आईसोबत गेला तर फडात त्याला बघायचं कुणी?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं कुणी वाट काढली असेल तर रविवारच्या आत सांगा.