जुन्या थिएटरात ‘रेल्वे’ या विषयावर अभिजात चित्रपटांची मालिका: प्रिंट, पडदा आणि आवाजाची तयारी

रुळांवरून:
बाल्कनी असलेल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात सहा आठवडे, आठवड्याला एक खेळ अशी मालिका ठरते आहे. सूत्र एकच, रेल्वे. यादी अशी: ‘द जनरल’ (1926), ‘द लेडी व्हॅनिशेस’ (1938), ‘ब्रीफ एन्काउंटर’ (1945), ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (1959), ‘नायक’ (1966) आणि ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968). केबिनमध्ये 35 मिमीचे दोन प्रोजेक्टर चालू स्थितीत आहेत आणि एक 2के डिजिटल प्रोजेक्टर आहे. प्रोजेक्टरपासून पडदा 30 मीटरवर. रंगमंचाच्या कमानीमुळे चित्राला जास्तीत जास्त 9 मीटर रुंदी आणि 5 मीटर उंची मिळते.
प्रश्न तीन. कोणता चित्रपट फिल्मवर मागवावा आणि कोणता डीसीपीवर (थिएटरसाठीची डिजिटल प्रत)? सहा चित्रपटांची चौकट एकसारखी नाही, तर लेन्स आणि पडद्याच्या काळ्या पट्ट्या कशा जुळवायच्या? आणि प्रिंट आल्यावर पहिल्या खेळाआधी नक्की काय तपासायचं?

केबिन_क्रमांक_दोन:
सुरुवात चौकटीपासून करा. तिथे चूक झाली तर उत्तम प्रिंटही वाया जाते. 1938 आणि 1945 चे चित्रपट 1.37 चे आहेत, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.37 पट. ते 1.85 च्या गेटमधून (प्रोजेक्टरमधली, चित्राची चौकट ठरवणारी धातूची खिडकी) दाखवले की उंचीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग कापला जातो. कपाळं आणि पाय दोन्ही जातात, श्रेयनामावलीच्या ओळी अर्ध्यावर तुटतात. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ व्हिस्टाव्हिजनमध्ये (फिल्म आडवी चालवून मोठी फ्रेम घेणारी पद्धत) चित्रित झालेला आहे, 35 मिमी प्रिंटवरून तो 1.85 मध्ये दाखवा. ‘वन्स अपॉन’ टेक्निस्कोपवर (निम्म्या उंचीच्या फ्रेमवर रुंद चित्र घेणारी पद्धत) चित्रित झाला, पण त्याची प्रिंट नेहमीची स्कोप असते, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून छापलेलं. ते पुन्हा रुंद करणारी अॅनामॉर्फिक लेन्स लागणार. ‘नायक’ची चौकट ज्यांच्याकडून प्रत घ्याल त्यांच्याकडून लेखी मागवा, अंदाजाने ठरवू नका.

लेन्सचं गणित सोपं आहे. अंतर गुणिले गेटची उंची, भागिले पडद्यावरच्या चित्राची उंची. 1.37 च्या गेटची उंची 15.2 मिमी. म्हणजे 30 × 15.2 ÷ 5 = 91, तुम्हाला 90 मिमीची लेन्स हवी आणि चित्र जवळजवळ 7 मीटर रुंद पडेल. 1.85 साठी गेट 11.33 मिमी उंच. पूर्ण 5 मीटर उंची ठेवलीत तर रुंदी सव्वानऊ मीटर होते, ती कमानीत बसत नाही. उंची 4.85 वर आणा, 70 मिमीची लेन्स चालेल. खरी अडचण स्कोपची. 9 मीटर रुंदीत स्कोपची उंची फक्त 3.77 मीटर राहते. 30 × 17.53 ÷ 3.77, म्हणजे 140 मिमीची लेन्स आणि तिच्यापुढे अॅनामॉर्फिक. 1.37 पेक्षा स्कोप बुटका दिसेल आणि कमान आहे तोवर त्याला इलाज नाही. म्हणूनच वरची काळी पट्टी खाली येणारी हवी. नुसत्या बाजूच्या पट्ट्या सरकवून भागणार नाही. वर सव्वा मीटर पांढरा पडदा उघडा राहिला तर त्यावर चित्राचा उजेड सांडत राहतो आणि काळा रंग राखाडी दिसतो.

केबिन बाल्कनीच्या वर असेल तर चित्र खाली रुंद आणि वर अरुंद पडतं. 1.37 मध्ये दोन्ही उभ्या कडा तिरप्या होतात आणि ते लगेच डोळ्यांत भरतं. गेटमध्ये बसणाऱ्या धातूच्या कोऱ्या पट्ट्या घ्या, एसएमपीटीई या सिनेमा-तंत्राची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आरपी 40 ही चाचणी-फिल्म लावा आणि थोडं थोडं कानशीने घासून कडा सरळ करा. एकदम घासू नका, कमी झालेला धातू परत येत नाही. प्रत्येक चौकटीसाठी वेगळी पट्टी, आणि दोन्ही मशिनांसाठी वेगवेगळ्या, कारण दोघांचे कोन एक नसतात.

डीसीपीत 1.37 चं चित्र 1998 × 1080 पिक्सेलच्या फ्लॅट (1.85 च्या) चौकटीत मधोमध 1480 पिक्सेल रुंदीत येतं. बाजूच्या काळ्या भागावर पडद्याच्या पट्ट्या ओढून घ्याच. डिजिटलचा काळा कधी पूर्ण काळा नसतो.

गेट_आणि_लूप:
फिल्म की डीसीपी हे तीन गोष्टींवर ठरवा: प्रिंटचा रंग, प्रिंटचं आकुंचन आणि प्रिंटच्या मालकाची अट. कृष्णधवल प्रिंट चांगली मिळत असेल तर ती फिल्मवरच दाखवा. चांदीच्या कणांचा काळा मनापासून आवडणारे प्रेक्षक अशा मालिकेला येतातच. रंगीत चित्रपटाबाबत मात्र विचारून घ्या. 1980 च्या आधीच्या बहुतेक ईस्टमन (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंट आता गुलाबी झालेल्या असतात, निळा-हिरवा उडून जातो आणि कोणताही फिल्टर तो परत आणत नाही. टेक्निकलरची डाय-ट्रान्सफर (रंग छापून केलेली) प्रिंट टिकते. गुलाबी प्रिंटपेक्षा चांगल्या पुनर्संचयनाची डीसीपी केव्हाही बरी. एक लक्षात ठेवा, प्रिंट ज्यांच्याकडे आहे आणि प्रदर्शनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते बहुधा वेगवेगळे असतात. दोघांची परवानगी स्वतंत्रपणे, लेखी घ्या.

प्रिंट आली की आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरचा आंबट वास म्हणजे फिल्मचं अॅसिटेट (तिचं प्लास्टिक) कुजायला लागलं आहे. ती रिळं लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि पाठवणाऱ्याला कळवा. नायट्रेट (जुनी, सहज पेट घेणारी फिल्म) असण्याची जरा जरी शंका असली तरी मशिनवर चढवू नका. ते पाण्याखालीही जळतं, त्यासाठी वेगळ्या बांधणीची केबिन लागते. कडेवर ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ती अक्षरं निगेटिव्हवरून उतरलेलीही असू शकतात.

मग रीळ टेबलावर हाताने गुंडाळा. मोटरवर नको. स्वच्छ सुती हातमोजे घाला, कडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून जाऊ द्या, फाटलेलं छिद्र आणि उचललेला सांधा बोटांना आधी कळतो. 2,000 फुटांच्या रिळाला अर्धा तास धरा. अडीच तासांहून मोठा चित्रपट आठ-नऊ रिळांचा, म्हणजे अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ जातो. आकुंचन मोजायला गेज नसेल तर नव्या फिल्मचा तुकडा शेजारी ठेवून 100 छिद्रं मोजा. छिद्रांचं अंतर 4.75 मिमी, त्यामुळे शंभराव्या छिद्राशी जुनी फिल्म पूर्ण एका छिद्राने मागे पडली तर आकुंचन 1 टक्का झालं. एवढं आकुंचन असेल तर चालवू नका. पाऊण टक्क्याच्या पुढेच दात्यांवर छिद्रं फाटायला सुरुवात होते.

संग्रहालयाची प्रिंट प्लॅटरवर (सगळी रिळं एकत्र चालवणारी मोठी आडवी थाळी) जोडायची नसते. बहुतेक ठिकाणी तसं करारातच लिहिलेलं असतं, कारण जोडायला लीडर (रिळाच्या टोकाची चित्राबाहेरची फिल्म) कापावा लागतो आणि प्रत्येक कापण्यात एक-दोन फ्रेम जातात. तुमच्याकडे दोन मशिनं आहेत, रिळामागून रीळ चेंजओव्हरने, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावर जात चालवा. चित्राच्या कोपऱ्यात पहिली खूण दिसली की दुसऱ्या मशिनची मोटर, साधारण 7 सेकंदांनी दुसरी खूण दिसली की शटर आणि आवाज बदला. दुसऱ्या खुणेनंतर एक सेकंदसुद्धा उरत नाही. जुन्या प्रिंटच्या शेपटाला सांधे फार, त्यामुळे खुणा कापल्या गेलेल्या असू शकतात. म्हणून तपासताना प्रत्येक रिळाचे शेवटचे दोन शॉट कागदावर उतरवून ठेवा: ‘बाई वळते, दार बंद, काळं’ इतकं पुरे. फिल्मवर स्वतःची खूण खरवडू नका.

रुळांवरून:
दोघांचेही आभार. स्कोपसाठी वरची पट्टी बसवायची हे आधी लक्षातच आलं नव्हतं. ‘द जनरल’ पियानोच्या साथीने दाखवायचा आहे. वेग किती ठेवायचा? आणि 1938 च्या चित्रपटाचा आवाज जुन्या ध्वनी-प्रोसेसरवर तळल्यासारखा करकरतो, ते का?

ध्वनिपट्टी:
आधी करकर. प्रोसेसरवर अॅकॅडमी मोनो (जुन्या, एकाच स्पीकरच्या आवाजाची सेटिंग) निवडा, डॉल्बीच्या प्रोसेसरवर तो फॉरमॅट 01 असतो. त्या काळचे आवाज 1938 च्या अॅकॅडमी वक्राला (कोणत्या पट्टीतला आवाज किती ऐकू यावा याचं ठरलेलं प्रमाण) धरून मिसळलेले आहेत, त्यात वरच्या पट्टीतला आवाज थिएटरातच झपाट्याने खाली उतरतो असं गृहीत होतं. तुम्ही तो आधुनिक वक्रावर वाजवता म्हणून ध्वनिपट्टीवरची धूळ आणि ओरखडे सगळे ऐकू येतात. आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. मोनोला आजूबाजूच्या स्पीकरमध्ये पसरवू नका, बाल्कनीखालच्या रांगांत शब्द पुसट होतात. डीसीपीलाही हेच लागू.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर गेटखालचा लूप (फिल्मचा सैल वळसा) बघा. प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो, लूप दोन फ्रेमने मोठा झाला तरी फरक दिसतो. हॉल खोल असेल तर जुळणी मधल्या रांगेत बसून करा. 340 मीटरला एक सेकंद या हिशोबाने 30 मीटरवर शब्द दोन फ्रेमने उशिरा पोहोचतो, त्यामुळे केबिनच्या मॉनिटरवर विसंबू नका.

आता मूकपट. आधी विचारा, प्रिंट पूर्ण चौकटीची आहे की नंतर ध्वनिपट्टी जोडून लहान केलेली? पूर्ण चौकटीला वेगळं, रुंद गेट लागतं आणि लेन्स एक-दीड मिलिमीटर बाजूला सरकवावी लागते, कारण बोलपटाच्या चौकटीचा मध्य सरकलेला असतो. ते केलं नाही तर डावीकडची चेहऱ्यांची एक पट्टीच जाते. वेगाचा हिशोब: फुटाला 16 फ्रेम. 6,000 फुटांची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमने 67 मिनिटं चालते, 20 ने 80 आणि 18 ने 89. सगळे मूकपट 16 ने चालवायचे हा समज सोडा. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात वेग 24 च्या आसपास गेलेला होता. प्रिंटबरोबर वेग लिहून आला असेल तो पाळा, नसेल तर माणसांची चाल, पडणारं पाणी आणि इंजिनाचा धूर बघून ठरवा. 20 च्या खाली जायचं तर दोन पात्यांच्या शटरने पडदा लुकलुकतो, तीन पात्यांचं शटर लावा. तुमच्या मोटरचा वेग बदलत नसेल तर हा एक चित्रपट डीसीपीवर घ्या.

पियानोवादकाला सरावासाठी जी प्रत द्याल ती नेमकी त्याच आवृत्तीची आणि त्याच वेगाची असू द्या. ‘द जनरल’च्या बऱ्याच आवृत्त्या फिरतात, दोन मिनिटांचा फरकसुद्धा साथीला खड्ड्यात घालतो. नोटेशनवरचा दिवा झाकलेला आणि मंद असावा, त्याचा उजेड पडद्याच्या खालच्या कडेला लागता कामा नये.

केबिन_क्रमांक_दोन:
डीसीपीचं एक राहिलं. केडीएम, म्हणजे कुलूपबंद डीसीपी उघडणारी डिजिटल चावी, तुमच्या सर्व्हरच्या डिजिटल प्रमाणपत्रावर बनते. मधल्या काळात मीडिया ब्लॉक (फाइल उलगडून चित्र बनवणारं यंत्र) बदलला असेल तर जुन्या प्रमाणपत्रावरची चावी लागणार नाही, म्हणून ताजं प्रमाणपत्र आत्ताच पाठवा. चावीची मुदत आदल्या दिवसापासून मागा, आणि वेळ कोणत्या टाइम झोनमध्ये लिहिली आहे ते नीट वाचा. संध्याकाळचा खेळ त्यातच अडकतो. फाइल दोनशे जीबीपर्यंत असू शकते, सर्व्हरवर चढवायला काही तास लागतात. चढल्यावर पहिली पाच मिनिटं, मधलं एखादं दृश्य आणि सबटायटलची एक ओळ पडद्यावर बघा.

क्रमाबद्दल: स्कोप पहिल्या आठवड्यात ठेवू नका. सुरुवात 1.37 च्या दोन चित्रपटांनी करा, लेन्स आणि पट्ट्या तशाच राहतात आणि केबिनमधल्या माणसांचा चेंजओव्हरला हात बसतो. मूकपट तिसऱ्या आठवड्यात ठेवा, म्हणजे पियानोवादकाला वेळ मिळेल. ‘वन्स अपॉन’ शेवटी. मध्यांतर घ्यायचं असेल तर रीळ संपतं तिथेच घ्या, आणि दुसऱ्या मशिनवर पुढचं रीळ चढवून, फोकस बघून मगच दिवे लावा.